तक्रार मराठीत दिली, उत्तर आलं "आमच्या अखत्यारीत नाही". मग कुणाच्या?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःचं काम घेऊन आलोय.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. बाबा गेल्यावर घराची नोंद आईच्या नावावर करायला अर्ज दिला होता. पावसाळ्यात पंचायतीतला माणूस एक कागद देऊन गेला. सगळा कन्नडमध्ये. आई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. पोथी वाचते, पेपर वाचते, पण कन्नड अक्षर तिला येत नाही. दाखवलं तिथं सही केली आणि मुलगा आला की वाचेल म्हणून कागद कालनिर्णयच्या मागं खोचून ठेवला.

गणपतीला गावी गेलो, कागद काढला, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतला. घराची लांबी-रुंदी अशी अशी नोंदवत आहोत, हरकत असेल तर अमुक तारखेच्या आत लेखी द्या, असं होतं. तारीख होऊन ११ दिवस झालेले. आणि मागचं परसू, जिथं आईचा गोठा आहे, ते नोंदीत धरलंच नव्हतं.

मी तीन पानी तक्रार लिहिली, मराठीत. चार ठिकाणी पाठवली. दिल्लीतल्या एका आयोगाचं दोन ओळींचं पत्र आलं: विषय या आयोगाच्या कार्यक्षेत्रात येत नाही. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर "राज्य शासनाशी संबंधित" असा शेरा मारून अर्ज बंद केला. जिल्ह्याच्या एका कार्यालयातून हिंबरह (म्हणजे लेखी उत्तर) आलं, कन्नडमध्ये, की अर्ज तालुक्याला पाठवलाय. तालुक्यानं तो पंचायतीला पाठवला. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, फिरून त्यांच्याच टेबलावर. चौथ्या ठिकाणाहून काहीच नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. एखादी भाषेची तक्रार आपल्याकडं येते की नाही हे सरकारी कार्यालय ठरवतं कसं? कोण ठरवतं, काय बघून? आणि मी काय लिहिलं असतं तर निदान एकानं तरी ती आपली म्हटली असती?

शहापूरकर

पोच आहे काय सगळ्यांची? नसेल तर आधी ती.

मलप्रभाकाठ

तीन ठिकाणची आहे. चौथ्याची स्पीड पोस्टची पावती आहे.

कुद्रेमनीचा_दादा

आमच्याकडं पण हेच की रे. काकूचा पेन्शनचा कागद आलेला, वाचायला दुकानदाराकडं नेला. त्यानं वाचला म्हणून कळलं. आपलं घरचं कागद दुसऱ्याला दाखवून घ्यायचं, लाज वाटतंय बघ म्हाताऱ्या माणसाला.

जुना_बारनिशीवाला

मलप्रभाकाठ, मी सरकारी नोकरीत ३१ वर्षं काढली, त्यातली ९ आवक टेबलावर. कुठलं खातं ते सोडा. तिथं काय होतं ते सांगतो, तुमचं निम्मं कोडं त्यातच सुटेल.

सकाळी टपालाचा गठ्ठा येतो. पाकीट फोडायचं, पाकीट अर्जाच्या मागं टाचायचं, गोल शिक्का मारायचा, शिक्क्यात तारीख आणि आवक क्रमांक घालायचा. रजिस्टरात एका अर्जाला एकच ओळ: कुणाकडून, विषय काय, कुठल्या टेबलाला. ती ओळ भरायला मिनिट-दीड मिनिट मिळतं. तेवढ्यात तीन पानं वाचून होत नाहीत. विषयाची ओळ वाचायची, पहिला परिच्छेद, आणि एकदम शेवटची मागणी. मग वरच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं टेबलाचं नाव. अर्जाचं नशीब तिथंच ठरतं. पुढचा अधिकारी पेन्सिलीची खूण क्वचितच बदलतो.

खूण करताना पहिला प्रश्न, ज्याच्याविरुद्ध तक्रार ते कार्यालय आपल्या हाताखालचं आहे का? नसेल तर अग्रेषित करायचा. दुसरा, जे मागितलंय ते द्यायचा अधिकार आपल्याला कुठल्या कायद्यानं आहे का? तिसरा, विषय कोर्टात आहे का? कोर्टात असला की न्यायप्रविष्ट म्हणून बाजूला. चौथा, खालच्या पायरीवर आधी जाऊन आलाय का? आणि सही-पत्ता. बेनामी अर्जावर वेळ घालवत नाहीत.

अन्याय झालाय की नाही हा प्रश्न या यादीतच नाही, आणि लोकांना हेच पटत नाही. ते येऊन सांगतात, "साहेब, एवढा अन्याय झाला तरी तुम्ही नाही म्हणता?" नाही म्हणणाऱ्यानं अन्याय तपासलेलाच नसतो. तो दारावर उभा राहून फक्त "हे घर तुमचंच का?" एवढंच विचारतो. आत येऊन बोलायची वेळ नंतर.

आता मला दोन गोष्टी सांग. तुझ्या तीन पानांत एकूण विषय किती? आणि विषयाच्या ओळीत काय लिहिलंय?

मलप्रभाकाठ

काका, मोजले. नोटीस कन्नडमध्ये, परसू नोंदीत नाही, पंचायतीतल्या माणसाचं बोलणं, गावच्या फलकावर मराठी नाही, शाळेत मास्तर नाही, एसटीचे बोर्ड, आणि शेवटी सीमाप्रश्न. सात झाले.

विषयाची ओळ अशी होती: "मराठी भाषिकांवर होणाऱ्या अन्यायाबाबत".

जुना_बारनिशीवाला

त्या ओळीवर मी कुठल्या टेबलाचं नाव घातलं असतं? ओळ खरी आहे रे, पण तिला टेबल नाही.

वकीलताई_टिळकवाडी

काकांनी दारावरचं सांगितलं, मी दारं कुठली ते सांगते. यात आपल्याकडं फार गल्लत होते.

"अल्पसंख्याक" शब्द दिसला की लोक राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाला लिहितात. तो आयोग १९९२ च्या कायद्यानं झाला आणि धर्मानं अल्पसंख्याक असलेल्या समाजांसाठी आहे: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी, आणि २०१४ पासून जैन. भाषा त्यात नाही. शाळांसाठी २००४ च्या कायद्यानं झालेला अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांचा राष्ट्रीय आयोग आहे, त्याचीही व्याख्या केंद्रानं अधिसूचित केलेल्या समाजांवरच उभी आहे, म्हणजे पुन्हा धर्म. मराठी शाळेची तक्रार तिथं गेली की परत येते, आणि मराठीशी वैर आहे म्हणून परत आली असं आपल्याला वाटतं.

भाषेसाठी वेगळा अधिकारी आहे. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३५०-अ आणि ३५०-ब घातली गेली. ३५०-ब खाली राष्ट्रपती भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमतात, तेच भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. १९५७ पासून हे कार्यालय आहे. बेळगावात त्याचं विभागीय कार्यालय होतं, जुन्या लोकांना आठवत असेल. आता आपला पत्रव्यवहार चेन्नई आणि दिल्लीशी.

ते काय बघतात? "संरक्षणं" म्हणून एक ठरलेली यादी आहे. १९५६ चं केंद्राचं निवेदन, नंतर दक्षिण विभागीय परिषदेतला निर्णय, १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद, यातून ती तयार झाली. जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे नियम, नोटिसा त्या भाषेत प्रसिद्ध करायच्या. अल्पसंख्याक भाषेतले अर्ज घ्यायचे आणि त्यांना त्याच भाषेत उत्तर द्यायचं. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत. नोकरीत घेतानाच राज्यभाषेची सक्ती नको, ती नंतर शिकता येते. अशी यादी आहे. तुमची तक्रार यातल्या एका ओळीवर नेमकी बसली तर ती त्यांच्या कक्षेत येते.

आणि घटनेचं कलम ३५० प्रत्येकानं पाठ करावं. गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याला, केंद्रात किंवा त्या राज्यात *वापरात असलेल्या* कुठल्याही भाषेत देता येतो. राजभाषेत द्या असं तिथं म्हटलेलं नाही. कर्नाटकाची राजभाषा १९६३ च्या कायद्यानं कन्नड आहे, पण मराठी या राज्यात वापरात नाही असं कोण म्हणेल? तेव्हा "मराठीत अर्ज घेणार नाही" असं खिडकीवर कुणी म्हटलं तर ते चूक आहे. पण उत्तर मराठीत द्या असं कलम ३५० म्हणत नाही. ते संरक्षणांच्या यादीत आहे, आणि ती यादी सरकारांनी आपसात मान्य केलेली आहे, कायदा नव्हे. त्यामुळं आयुक्त विचारणा करतात, शिफारस करतात, राष्ट्रपतींना अहवाल देतात, तो संसदेपुढं येतो. हुकूम काढू शकत नाहीत.

निपाणीकर

वकीलताई, तुमचा आदर ठेवून बोलतो. शेवटचं वाक्यच सगळं सांगून गेलं. हुकूम काढता येत नाही, मग अर्ज कशाला? १९५६ पासून निवेदनंच देत आलो. माझ्या आजोबांनी दिली, वडिलांनी दिली. मूळ दुखणं सीमाप्रश्न आहे आणि मलप्रभाकाठनं तो अर्जात लिहिला तर काय चुकलं? तो लपवून, नुसती "नोटीस मराठीत द्या" म्हणून हात जोडायचे काय?

वकीलताई_टिळकवाडी

दादा, लपवायचं नाही. तो प्रश्न जिथं आहे तिथं आहेच. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, कलम १३१ खाली, दोन राज्यांमधला वाद म्हणून. आणि म्हणूनच तुमच्या अर्जात तो शब्द आला की छाननी करणाऱ्याच्या हातात आयतं कारण जातं: न्यायप्रविष्ट. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर काय घेत नाहीत ते स्पष्ट लिहिलंय. कोर्टातले विषय, घरगुती वाद, माहिती अधिकाराची प्रकरणं, आणि देशाच्या प्रादेशिक अखंडतेवर परिणाम करणारे विषय. सीमेचं वाक्य बघून कुणी तेवढ्यावरच अर्ज बंद करू शकतं. मग काकूंच्या गोठ्याची नोंद पण त्याच वाक्याबरोबर बुडते.

>>मग अर्ज कशाला?<<
कारण वरून "याचा खुलासा पाठवा" असं पत्र आलं की खाली फाईल उघडावीच लागते. त्याला कमी समजू नका.

निपाणीकर

तुमचं म्हणणं कळतंय. मला पटलं असं नाही म्हणत. ज्या कागदावर आपलं खरं दुखणं लिहिता येत नाही तो कागद मला अर्धाच वाटतो. पण गोठ्यासाठी लढायचं असेल तर गोठ्याचंच लिहावं, एवढं मान्य.

खडेबाजार_कट्टा

थोडं विषयांतर. बँकेत पैसे भरायच्या चिठ्ठीवर मराठी नाही म्हणून मी मागं तक्रार केली होती. थेट वर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं. लगेच परत. नंतर कळलं, २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत आधी त्या बँकेकडं लेखी तक्रार द्यायची, ३० दिवस वाट बघायची, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तरच वर जायचं. मी पहिली पायरी ओलांडून उडी मारली होती. काकांचा चौथा प्रश्न तो हाच.

रेल्वे, पोस्टाचं काय असतं कुणी सांगेल काय?

लोंढा_जंक्शन

मी सांगतो, रेल्वेत होतो. केंद्राची कार्यालयं १९६३ चा राजभाषा कायदा आणि १९७६ चे नियम पाळतात. ते नियम हिंदी-इंग्रजीचे आहेत. हिंदीच्या वापराप्रमाणं त्यात राज्यांची क्षेत्रं पाडलीत: महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात, कर्नाटक 'ग' क्षेत्रात. बोर्ड तीन भाषांत: प्रादेशिक भाषा, हिंदी, इंग्रजी. आणि प्रादेशिक भाषा म्हणजे त्या राज्याची. त्यामुळं खानापूर, लोंढा, बेळगाव स्टेशनवर मराठी का नाही अशी तक्रार राजभाषा विभागाकडं केली तर ते म्हणणार नियमभंग नाही. त्यांच्या पुस्तकात मराठीचा रकानाच नाही. ती मागणी म्हणून वेगळी लढवावी लागते, तक्रार म्हणून टिकत नाही. शिवाय कुणाला लिहायचं तेही बघा. आपली स्टेशनं हुबळी विभागात, मिरज पुणे विभागात. मिरजेची तक्रार हुबळीला दिली तर नुसती फिरते.

एक फायदा मात्र आहे. केंद्राच्या कार्यालयाला हिंदीत पत्र दिलं तर उत्तर हिंदीत द्यावं लागतं, नियम ५. निदान देवनागरी वाचता येतं आपल्या म्हाताऱ्यांना.

कुद्रेमनीचा_दादा

हे माहीत नव्हतं. आईला हिंदी सिरियल बघून सगळं कळतंय, वाचेल पण.

मराठी_शाळा_बाई

मी सीमाभागातल्या एका गावात शिकवते, म्हणून शाळेपुरतं लिहिते.

दोन वर्षांमागं आमच्याकडं मराठी शिक्षकाची जागा रिकामी होती. पालकांनी मोर्चासारखं एकच निवेदन दिलं, खाली ६० सह्या. उत्तर आलं की पदभरती हा राज्याच्या खात्याचा विषय आहे. मग एका जुन्या गुरुजींनी सांगितलं की असं नव्हे, ४०-१० चं सूत्र वापरा. शाळेत ४० मुलं किंवा एका वर्गात १० मुलं एका मातृभाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवायची सोय करायची, हे संरक्षणांत आहे. त्यासाठी पालकांनी आगाऊ नोंद करायची.

मग आम्ही घरोघरी गेलो. एका पालकाचा एक अर्ज. मुलाचं नाव, इयत्ता, मातृभाषा मराठी, मराठी माध्यम हवं, सही. १३ अर्ज जमले. काही आयांनी पहिल्यांदाच कुठल्या सरकारी कागदावर सही केली. एकीनं सही करायच्या आधी हात पदराला पुसले, ते मी विसरत नाही. ते १३ अर्ज, हजेरीपटाची प्रत, आणि वर एक पानी पत्र. तेच गाव, तीच शाळा, तीच मागणी. पण या वेळी 'कार्यक्षेत्रात नाही' असं कुणी म्हणालं नाही. खुलासा मागवला गेला. शिक्षक यायला पुढचं वर्ष उजाडलं, पण आले.

६० सह्यांपेक्षा १३ अर्ज जड झाले, कारण वर्गात १० मुलं आहेत हे त्यावरून मोजता येत होतं.

अटलांटिक_पार

मी मूळ वडगावचा, आता अमेरिकेत न्यू जर्सीला. इथल्या एका दवाखान्यात मी अर्धवेळ दुभाषी म्हणून काम करतो, त्यामुळं इकडची पद्धत थोडी माहीत आहे.

इथं भाषेचा स्वतंत्र आयोग नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणातून तक्रार जाते. केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थेनं वंश, वर्ण किंवा मूळ राष्ट्र यावरून भेदभाव करायचा नाही, असं ते आहे. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात, लाऊ विरुद्ध निकोल्स, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना तशीच वर्गात बसवून ठेवणं हा त्या कायद्याचा भंग आहे. त्यामुळं तक्रार आली की छाननीत पहिलं बघतात: ज्याच्याविरुद्ध तक्रार ती संस्था केंद्राचा पैसा घेते का? आणि घटनेपासून १८० दिवसांच्या आत आलीय का? पैसा दुसऱ्या खात्याकडून येत असेल तर त्या खात्याकडं पाठवतात. २००० साली अध्यक्षांनी भाषेच्या सोयीबद्दल एक आदेश काढला होता, १३१६६ क्रमांकाचा. तो मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. मूळ कायदा आहे.

सांगायचं कारण, दारावरचा प्रश्न इथंही तोच. आमच्याकडं एक गुजराती आजी होत्या, त्यांची तक्रार १९० व्या दिवशी गेली. दहा दिवसांनी हुकली. मलप्रभाकाठ, तू तारखा सांभाळ.

जत_तालुका

मी कन्नड मातृभाषेचा, महाराष्ट्रातल्या जत तालुक्यातला. शिक्षण मराठीत झालं म्हणून इथं लिहितो. हा धागा वाचून एकच सांगावंसं वाटलं. आमच्या आईची गोष्ट अगदी हीच आहे, फक्त कागद मराठी आणि आई कन्नड वाचणारी. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, इथं आम्ही भाषिक अल्पसंख्याक. आम्हीही त्याच आयुक्तांना लिहितो, त्याच १५ टक्क्यांच्या ओळीवर. मलप्रभाकाठ, तुमच्या आईंचं काम व्हावं.

मलप्रभाकाठ

@जत_तालुका, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

वकीलताई_टिळकवाडी

जतच्या दादांनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरवायचं. म्हणजे मराठी माणूस कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक, महाराष्ट्रात नव्हे.

जुना_बारनिशीवाला

ताईंचं वाचून एकदम डोक्यात आलं. मलप्रभाकाठ, अर्जावर नाव कुणाचं आणि पत्ता कुठला?

मलप्रभाकाठ

नाव माझं. पत्ता पुण्याचा, मी इथं नोकरीला असतो. उत्तर लवकर हातात पडावं म्हणून तो दिला.

जुना_बारनिशीवाला

बघ. पाकीट फोडणाऱ्यानं काय बघितलं? पुण्यात राहणारा मराठी माणूस, म्हणजे महाराष्ट्रातला बहुसंख्याक, कर्नाटकातल्या पंचायतीबद्दल लिहितोय. ताईंच्या हिशोबानं तू तिथं अल्पसंख्याकच नाहीस. आणि नोटीस तुला आलीच नव्हती. तक्रारदार तू नाहीस बाळा, आई आहे. नाव तिचं, पत्ता गावचा, सही तिची. मराठीत.

शहापूरकर

काका, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या पण नाही.

बेळगुंदी_बटाटा

माझा एक मुद्दा राहून जातोय. पंचायतीनं मोजणीचा कागद दाखवला पाहिजे ना? माहिती अधिकारात मागा की. मी मराठीत अर्ज दिला होता तर परत केला.

वकीलताई_टिळकवाडी

माहिती अधिकाराचं वेगळं आहे, तिथं कलम ३५० च्या भरवशावर राहू नका. २००५ च्या कायद्याचं कलम ६(१) सांगतं की अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत. आपल्या भागात मराठी त्यात बसत नाही. हिंदीत द्या, नाकारता येणार नाही. आणि चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) प्रमाणं त्यांनीच पाच दिवसांत योग्य कार्यालयाला पाठवून तुम्हाला कळवायचं असतं. गाऱ्हाण्याच्या अर्जांना ही सोय असती तर आज हा धागा निघाला नसता.

मलप्रभाकाठ

शनिवारी गावी आलोय. आईशेजारी बसून नवा अर्ज लिहिला, एक पान. टाकतो, चुका दाखवा.

विषय: हरकतीची नोटीस अल्पसंख्याक भाषेत न मिळाल्याबाबत.

"मी खानापूर तालुक्यातील रहिवासी असून माझी मातृभाषा मराठी आहे. मला फक्त मराठी वाचता येते. तालुक्यातील मराठी भाषकांचे प्रमाण १५ टक्क्यांहून अधिक आहे (२०११ ची जनगणना, तक्ता सी-१६, प्रत सोबत). ग्रामपंचायतीने मला दिलेली हरकतीची नोटीस केवळ कन्नडमध्ये होती (प्रत सोबत). त्यामुळे मुदतीत हरकत देता आली नाही. याबाबत पंचायत व तालुका कार्यालयात अर्ज दिले आहेत (पोच सोबत). या विषयावर कोणत्याही न्यायालयात दावा नाही. तरी मला नोटीस मराठीत मिळावी, अर्जाचे उत्तर मराठीत मिळावे, आणि परसूसह नव्याने मोजणी करून नोंद दुरुस्त व्हावी, ही विनंती."

जुना_बारनिशीवाला

उत्तम. पेन्सिल कुठं जाईल ते आता दिसतंय. फक्त शेवटचं, मोजणी आणि नोंद दुरुस्तीचं, काढ. भाषेच्या आयुक्तांना पंचायतीची नोंद बदलता येत नाही. त्या एका वाक्यावरून कुणीतरी सगळा अर्ज 'पंचायतीचा विषय' म्हणून पुन्हा खाली ढकलेल. नोंदीविरुद्ध वेगळा अर्ज कर, १९९३ च्या पंचायत राज कायद्याखाली, पंचायतीच्या वरच्या अधिकाऱ्याकडं, आणि उशीर का झाला त्याचं कारण म्हणून भाषेच्या अर्जाची प्रत जोड. तो कन्नडमध्ये लिहून घे, काही बिघडत नाही. तिथं भांडण भाषेचं नाही, परसूचं आहे.

निपाणीकर

काका, कन्नडमध्ये का म्हणून? मराठीत द्यायचा हक्क आहे ना, ताईंनी सांगितलं.

जुना_बारनिशीवाला

हक्क आहे. आईचं वय ६८ आहे आणि पावसाळा जवळ येतोय. हक्कासाठी एक अर्ज मराठीत गेलाच आहे. दुसरा गोठ्यासाठी आहे, तो जितका लवकर वाचला जाईल तितकं बरं. मी असतो तर दोन्ही प्रती जोडल्या असत्या, मराठी आणि कन्नड.

निपाणीकर

दोन्ही प्रती, हे चालेल. कन्नड प्रत मी लिहून देतो, माझं कन्नड चांगलं आहे. मलप्रभाकाठ, निरोप बघ.

मलप्रभाकाठ

निपाणीकर दादा, काय बोलू. आभारी आहे.

मलप्रभाकाठ

नऊ आठवड्यांनी लिहितोय. आयुक्त कार्यालयाकडून पत्राची प्रत आली, जिल्ह्याकडं खुलासा मागितलाय. मूळ पत्र इंग्रजीत. त्याचं पुढं काय होतं ते कळवेन. परसूच्या नोंदीचा जो वेगळा अर्ज दिला होता त्याचं काम त्याआधीच हललं, आणि काल पंचायतीतला तोच माणूस पुन्हा घरी आला होता. फेरमोजणीची नोटीस. छापील मजकूर कन्नडच. पण खाली मोकळ्या जागेत निळ्या पेननं मराठीत लिहिलंय, "सोमवार सकाळी ११ वाजता मोजणी. घरी हजर राहावे." अक्षर जरा वाकडं आहे, 'हजर'मधला 'ज' उलटा वाटतो. आईनं फोनवर तीनदा वाचून दाखवलं. या वेळी तिनं आधी वाचलं आणि मग सही केली.

कुद्रेमनीचा_दादा

सोमवारी मी येऊ काय? टेप धरायला माणूस लागतोय.

जुना_बारनिशीवाला

तो कागद कालनिर्णयच्या मागं ठेवू नका. दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत फायलीत. आणि मोजणीचा पंचनामा झाला की सही करायच्या आधी आईला वाचून दाखवायला सांगा, परसूची लांबी आकड्यात आणि अक्षरात दोन्ही लिहिलीय का बघा.